भाताला लाथ मारणारा सेल्समन

"कुकर चांगला हाये मॅडम, पन याच्या हातून नाई घेत."

सिंदेवाहीच्या आठवडी बाजारात माझ्या टेबलासमोर उभ्या असलेल्या बाईंनी कुकर उचलून पाहिला होता. झाकण लावून पाहिलं, काढून पाहिलं, बुडाला टिचकी मारून आवाजही ऐकला. लेकीचं लग्न तोंडावर आलेलं आणि आंदणात कुकर द्यायचा हे घरात ठरलेलं. आमच्या भाषेत याला 'हॉट लीड' म्हणतात, म्हणजे पैसे हातात घेऊनच आलेलं गिऱ्हाईक. तरी त्यांनी कुकर खाली ठेवला, तोंड वाकडं केलं आणि सुपं-टोपल्यांच्या दुकानाकडे निघून गेल्या.

'याच्या' म्हणजे माझा सेल्समन देवाजी. उंच, रुंद, भरघोस मिशा. आवाज असा की बाजाराच्या या टोकाला त्याने "या बाई" म्हटलं, तर त्या टोकाची माणसं मागे वळून बघतात. होळीपासून तो या भागात फिरत होता आणि विक्री शून्य होती. कमी नाही, शून्य. वाईटातला वाईट सेल्समनही एखादा कुकर स्वतःच्या मावशीला विकतो. देवाजीच्या मावशीनेही घेतला नव्हता.

मी प्रेशर कुकरच्या कंपनीत टेरिटरी मॅनेजर आहे. टेरिटरी म्हणजे मला वाटून दिलेला मुलूख, चंद्रपूर आणि गडचिरोली. पुण्याच्या साहेबांना नकाशावर तो हिरवागार दिसतो आणि ते "वा, पोटेन्शियल आहे" म्हणतात. हिरवं म्हणजे जंगल, हे त्यांच्या नंतर लक्षात येतं.

आमच्या धंद्यात विक्री दोन प्रकारची असते. कंपनीने डिस्ट्रिब्युटरच्या गोदामात माल उतरवला की ती प्रायमरी. दुकानातून तो गिऱ्हाइकाच्या घरी गेला की ती सेकंडरी. पहिलीसाठी डिस्ट्रिब्युटरबरोबर चहा प्यावा लागतो आणि दुसरीसाठी उन्हात उभं राहावं लागतं. बहुतेक मॅनेजर चहावरच बढती मिळवतात आणि बदली घेऊन निघून जातात. मागून येणाऱ्याला भरलेलं गोदाम मिळतं. मला ते अहेरीला मिळालं. तिथल्या खोक्यांत उंदरांनी संसार थाटले होते आणि काहींच्या नातवंडांचीही सोय झालेली दिसत होती. तेव्हाच मी ठरवलं की आपण उन्हात उभी राहणारी टीम बांधायची. साहेब बदलोत, स्कीम बदलो, ती टीम हलता कामा नये.

पहिली टीम मी एमबीए झालेल्या मुलांची बांधली. हुशार मुलं होती. पहिला उन्हाळा संपायच्या आत सगळी गेली. एकाने राजीनाम्याचं कारण विचारल्यावर एकच शब्द सांगितला, "अस्वल." मी पुढे काही विचारलं नाही.

मग एका थंडीत मी झाडीपट्टीतलं नाटक बघायला गेले. आमच्या या धानाच्या पट्ट्यात दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावी नाटकं होतात, आणि पाहुण्यारावळ्यांसकट सगळं गाव मंडपात येऊन बसतं. नट एका गावाहून दुसऱ्या गावाला जातात, पानंच्या पानं पाठ म्हणतात, बायांना रडवतात, बाप्यांना हसवतात, आणि वाटेत गाडी बंद पडली तरी वेळेवर पोचतात. मी मंडपात बसून विचार केला, सेल्समन याहून वेगळं काय करतो? होळीनंतर ही सगळी मंडळी मोकळीच असतात. मी वडसा गाठलं, तिथे नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत, आणि माझी टीम तिथून उचलली. पुण्याच्या एचआरने फोनवर विचारलं, "कँडिडेट्सचं बॅकग्राउंड काय?" मी म्हणाले, "मीडिया." त्यांना फार आनंद झाला.

या टीमने माझ्यादेखत तीन रिजनल मॅनेजर पचवले. हंगामात जिथे प्रयोग, तिथेच दिवसा डेमो. म्हणजे रजेचा प्रश्नच नाही. सगळ्यांत पुढे होत्या रेखाताई. बारीक चणीच्या, कपाळावर कायम आठी, हळू बोलणाऱ्या. त्यांच्यासमोरून रिकाम्या हाताने बाई परत गेली, असं क्वचितच व्हायचं. पुण्याने त्यांना 'स्टार क्लोजर', म्हणजे सौदा हमखास पक्का करणारी, म्हणून ढाल दिली आणि यशाचं रहस्य विचारलं. ताई म्हणाल्या, "मी काही नाई करत जी. मी उभी राह्यतो. बाया डोळे पुसते अन् कुकर घेते." पुण्याने याला 'एम्पथी सेलिंग' असं नाव दिलं.

एवढं सगळं बरं चाललेलं असताना चौथे रिजनल मॅनेजर आले. सबनीस सर. त्यांची सगळी श्रद्धा एका ॲपवर होती. दुकानदार ॲपवर ऑर्डर टाकेल, माल थेट जाईल, मधली माणसं कशाला?

"मॅडम, तुमच्या टीममधला हा देवाजी," त्या बाजाराच्या दिवशी सकाळीच ते फोनवर म्हणाले, "मुलचेऱ्यात उत्तम आणि सिंदेवाही पट्ट्यात झिरो. एक्सप्लेन करा."

"परसेप्शन इश्यू आहे, सर."

"म्हणजे?"

"म्हणजे अजून कळलेलं नाही, सर."

"मी पुढच्या आठवड्याच्या बाजाराला स्वतः येतोय. त्याला तिथेच उभं करा, दुसरीकडे हलवू नका. हा जर सुधारला नाही, तर फिल्ड टीम ठेवण्यात अर्थ नाही, हे मी वर सांगायला मोकळा."

देवाजीला मी हे सांगितलं तेव्हा त्याने मिशी चाचपली. मग म्हणाला, "मॅडम, ही नोकरी गेली तं मले तेलंगणात मिरची तोडाले जा लागीन. मिरचीचा हंगाम अन् नाटकाचा हंगाम एकच राह्यते. मंग माहं नाटक सुटलं समजा." असं म्हणताना त्याचा तो आवाज इतका बारीक झाला की मला पुढे वाकून ऐकावं लागलं. मला सबनीस सरांचा राग आला आणि भीतीही वाटली, कारण देवाजीच्या मागोमाग बाकीचे सगळे जाणार होते.

मुलचेऱ्यात उत्तम आणि इथे झिरो, याचा अर्थ माणूस विकू शकत होता. मुलचेऱ्याच्या आसपास वसवलेली बंगाली गावं आहेत, तिथल्या बाया त्याच्याकडून हसत कुकर घेत होत्या. मग सिंदेवाहीच्या बायांचंच काय बिनसलं? त्या बाई कुकर ठेवून गेल्या तशी मी सरळ त्यांच्यामागे टोपल्यांच्या दुकानाकडे गेले. मघाच्या बाई, त्यांचं नाव शांताबाई, सूप पारखत होत्या.

"बाई, देवाजीनं तुमच्याशी काही वाकडं केलं का?"

"मह्याशी नाई केलं. त्या बिचारीशी केलं."

"कोण बिचारी?"

"त्याची विधवा भावजय. लेकरं उपाशी. तिनं मागूनसागून तांदूळ आनला, भात रांधला, अन् यानं दारू पिऊन गंजाले लाथ मारली. मी पुढंच बसली होती. भात पार मह्या पायापरेंत आला."

गंज म्हणजे आमच्याकडचं पातेलं. मी कपाळाला हात लावला. त्या हंगामात देवाजी ज्या नाटकात खलनायक होता, त्यातला हा गाजलेला प्रवेश. मुलचेऱ्याच्या बंगाली बायांनी तो पाहिलाच नव्हता. नाटकाचं नाव सांगत नाही, कंपनी अजून दौऱ्यावर असते.

बाहेरच्या माणसाला यात एवढं काय ते कळणार नाही. आमच्याकडे जेवण म्हणजे भात. पोळ्या कितीही खाल्ल्या तरी भात नसला तर माणूस "जेवलो" म्हणत नाही. शिजलेल्या शिताला चुकून पाय लागला तर ते शीत उचलून कपाळाला लावतात. अशा मुलखात ज्याने पूर्ण गावासमोर भाताच्या गंजाला लाथ मारली, त्याला मी भात शिजवायचं भांडं विकायला उभं केलं होतं. तेही आंदणात द्यायला.

"मॅडम, त्यात मुरमुरे राह्यते," मी टेबलापाशी येऊन विचारलं तेव्हा देवाजी कळवळून म्हणाला. "खरा भात नाई राहत."

शांताबाई मागेच आल्या होत्या. "मुरमुरे काय लाकडाचे राह्यते? तांदळाचेच नं?"

देवाजीने मुरमुऱ्यांचा विषय तिथेच सोडला. पण एका गोष्टीचा अभिमान त्याच्या चेहऱ्यावरून लपत नव्हता. "त्या सीनवर चपला पडते, मॅडम," तो हळूच म्हणाला. खलनायकाला पडलेली चप्पल म्हणजे ढालच. आणि ती विधवा भावजय कोण होती? आमच्या रेखाताई. बाया डोळे का पुसायच्या आणि एम्पथी सेलिंग कुठून आलं, ते मला तेव्हा समजलं.

आता उपाय काय? देवाजीने मिशा काढल्या. दुसऱ्या दिवशी गोऱ्यापान ओठाने शेजारच्या गावच्या बाजारात उभा राहिला, "या बाई" म्हणाला आणि तिथेच ओळखला गेला. उलट बाया म्हणाल्या, "आता तोंड लपवून राह्यला." मी पुन्हा शांताबाईंना गाठलं आणि सरळ विचारलं, यानं काय करावं म्हणजे तुमचं समाधान होईल?

शांताबाईंनी फारसा विचार केला नाही. "चुकला त्यानं पंगत घालाव. आमच्या गावात असंच राह्यते. भाताले लाथ मारली नं? मंग भात रांधून वाढाव. आम्ही जेवू, मंग पाहू."

"कुकरमध्ये रांधला तर चालेल?"

"ते तुमचं तुम्ही पाहा."

पुढच्या बाजारी चिंचेखाली आम्ही ताडपत्री अंथरली. गॅसच्या शेगड्या, कुकरची रांग, पळसाच्या पत्रावळी, लाखोरीच्या डाळीचं वरण. रेखाताई पदर खोचून मांडामांड करत होत्या. बातमी आधीच पसरली होती, त्यामुळे सुपारीवाल्यापासून सुकटवाल्यापर्यंत सगळे मान उंचावून बघत होते. देवाजी मध्ये मांडी घालून बसला आणि हात जोडून म्हणाला, "मायबहिनींनो, मले माफ करा."

कुणावर काही परिणाम झाला नाही. मागून एक बाई म्हणाली, "हा तो नोहोच. तो कसा हासत होता."

नटाला असं म्हणू नये. देवाजी उठला, कमरेवर हात ठेवले आणि ते गडगडाटी हसू हसला. चिंचेवरचे कावळे उडाले. बायांनी आनंदाने शिव्या घातल्या. मग त्याने आख्खं भाषण म्हणून दाखवलं, अगदी "या घरात एक शीतही शिजणार नाही" इथपर्यंत. तोवर शिट्ट्यांकडे कोणाचं लक्ष नव्हतं आणि पहिल्या कुकरचा भात करपला.

"पाह्य," शांताबाई म्हणाल्या, "अजून नाई सुधरला."

रेखाताईंनी मुकाट्याने तो करपलेला भात एका गंजात काढला आणि गुरांना होईल म्हणून चिंचेच्या बुंध्याशी नेऊन ठेवला. दुसऱ्या खेपेला बायांनी कारभार हाती घेतला. देवाजीभोवती गोल धरला. "पानी कमी टाक." "आधी झाकन पुस." "शिटी झाली, आता आच कमी कर, काऊन पाहून राह्यला?" कुकरचा खलनायक खाली मान घालून एकेक हुकूम पाळत होता. झाकण कसं बसवायचं, रबर कुठे असतं, शिटी कधी मोजायची, सगळं बायाच एकमेकींना ओरडून सांगत होत्या. इतका उत्तम डेमो मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

नेमकं तेव्हाच सबनीस सर आले. कडक इस्त्री, चकचकीत बूट, हातात फोन.

"हे काय चाललंय?"

"डेमो, सर."

"कस्टमर आपल्या माणसाला झापतायत."

"एंगेजमेंट आहे, सर."

"मी हे रेकॉर्ड करतो. एचआरला दाखवतो, फिल्ड टीम म्हणजे काय असते ते."

त्यांनी फोन आडवा धरला. फ्रेममध्ये सगळे मावेनात, म्हणून एक पाऊल मागे घेतलं. तरी मावेनात. आणखी एक पाऊल घेतलं. त्यांची टाच गंजाला लागली, गंज कलंडला आणि भात ताडपत्रीवर पसरला.

सबनीस सर "ओह, सॉरी" म्हणाले. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण त्यांनी बुटाच्या टोकाने तो भात बाजूला सारला.

शांताबाई उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे बाकीच्याही उभ्या राहिल्या. "कोन हाये हा?" त्यांनी विचारलं. खोटं सांगायची मला सवय आहे, तो माझ्या नोकरीचाच भाग आहे, पण तेव्हा एकही सुचलं नाही.

पुढे झाला तो देवाजी. तो साहेबांच्या पायाशी वाकला. त्यांना वाटलं, आपल्या पाया पडतोय, ते "अरे, नको नको" म्हणू लागले. देवाजीने एक शीत उचलून कपाळाला लावलं आणि दोन्ही हातांनी सगळा भात गोळा करून गंजात भरला. मग बायांकडे वळून म्हणाला, "हे माहे साहेब होत. पावने होत. यायले आपल्या इकडचं मालूम नाई. यायची चूक मह्यावर घाला. अजून एक पंगत मी वाढतो."

ज्या माणसाने त्याची नोकरी खायची म्हणून फोन धरला होता, त्याच्यासाठी तो उभा होता.

शांताबाईंनी देवाजीकडे पाहिलं, मग सरांकडे. "तुह्यी चूक तू भरली," त्या म्हणाल्या, "यायची हे भरतीन. साहेब, बूट काढा अन् बसा इथी."

सर माझ्याकडे बघू लागले. मी कुकरच्या खोक्यांकडे बघू लागले. सर बसले. रेखाताईंनी अगदी अदबीने त्यांच्या हातातला फोन घेतला, रेकॉर्डिंग चालूच होतं. पुढचा भात पुण्याच्या रिजनल मॅनेजरने शिजवला. तांदूळ धुताना अर्धा पाण्याबरोबर सांडणार होता, देवाजीने वेळेवर हात धरला. झाकण त्यांना लावता येईना. कुकरच्या कंपनीत इतकी वर्षं काढून त्यांनी ते कधी स्वतः लावलं नव्हतं. शांताबाईंनी शिकवलं. शिटी झाल्यावर ते दचकले तेव्हा सगळा बाजार हसला, आणि मग तेही हसले.

पंगत झाली. शांताबाईंनी पत्रावळ उचलली, हात धुतले आणि टेबलापाशी आल्या. मी कुकर पुढे केला. त्यांनी घेतला नाही.

"त्याले देऊ द्या," त्या म्हणाल्या.

देवाजीने दोन्ही हातांनी कुकर दिला. त्यानंतर टेबलावरचा माल पुरला नाही, गावातल्या दुकानातून खोकी मागवावी लागली. प्रत्येक बाईला तो देवाजीच्याच हातून हवा होता. घेताना प्रत्येकीने त्याला एकेक बोल सुनावला. तो मान डोलवत ऐकत होता आणि त्याचा चेहरा चपला पडल्यासारखा फुलला होता.

परतीच्या गाडीत सर रुमालाने बूट पुसत होते. शेवटी म्हणाले, "ॲपवर हे होणार नाही ना?"

"नाही, सर."

"तो व्हिडिओ माझ्या फोनवर आहे?"

"आहे, सर. शिवाय रेखाताईंनी ग्रुपवर टाकलाय. कंपनीच्या."

त्यांनी डोळे मिटून घेतले. टीम राहिली. साहेब स्वतः मांडी घालून भात शिजवतानाचा व्हिडिओ वरच्यांना इतका आवडला, की त्यांनी त्याला 'ग्रासरूट लीडरशिप' म्हटलं आणि फिल्ड टीम बंद करायची गोष्ट सरांना पुन्हा काढता आली नाही. पुढे सरांची बढतीवर बदली झाली. ॲपही आलं आणि चांगलं चालतं. दुकानदार त्यावर ऑर्डर टाकतात, मीही वापरते, माझी त्याच्याशी काही दुष्मनी नाही. देवाजी हंगामात भाताला लाथ मारतो आणि होळीनंतर कुकर विकतो. मिशा पुन्हा वाढल्या आहेत.

नवीन मॅनेजरांच्या ट्रेनिंगला मला कधीकधी बोलावतात आणि टिकणारी टीम कशी बांधायची ते विचारतात. मी सांगते, गिऱ्हाइकाला घेताना माल लागतो आणि घेतल्यावर बोलायला माणूस लागतो. ॲप ऑर्डर घेतं, पण बोलणी खात नाही. ज्याला गाव हक्काने झापू शकतं असा माणूस तुमच्याकडे असेल, तर साहेब कितीही बदलू द्या. ते लिहून घेतात. समजतं की नाही, माहीत नाही.

एक गोष्ट मी तिथे सांगत नाही. बुंध्याशी ठेवलेला तो गंज साहेबांच्या टाचेखाली कसा आला, याचं मला बरेच दिवस कोडं होतं. मग आठवलं, नाटकातही गंज रेखाताईच मांडतात, देवाजीने खाली न बघता लाथ मारली तरी लागेल अशा जागी. एकदा चहा पिताना मी विचारलंच, "ताई, भाताच्या बाबतीत तुम्ही असं कसं केलंत?"

ताईंनी कपाळाची आठी तशीच ठेवली. "चांगल्या भाताले कोनी पायाजोगं ठेवते काय, मॅडम?" त्या म्हणाल्या. "तो तं करपलेला होता."